विश्लेषण : हेलिकॉप्टरचे स्वप्न ३० वर्षे जपणारे इगोर सिकोर्स्की कोण होते?

गावाला पुराने वेढले, रस्ते तुटले की लोकांची नजर आकाशाकडे लागते. हवाई दलाच्या विमाने-हेलिकॉप्टरांच्या देखभालीची धुरा सांभाळणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे. मात्र हे यंत्र घडवणाऱ्या माणसाला पहिल्या प्रयत्नात अपयशच आले होते.

सुरुवात कशी झाली?

सिकोर्स्की यांचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्हमध्ये झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होते. आईकडून लिओनार्दो दा विंचीच्या कल्पना ऐकून त्यांना उड्डाणाची ओढ लागली. १९०९ मध्ये पॅरिसहून इंजिन आणून त्यांनी हेलिकॉप्टर बांधले. ते उडाले नाही. दुसऱ्याने जेमतेम स्वतःचे वजन उचलले, माणसाचे नाही. त्या काळची इंजिने जड आणि कमी ताकदीची होती. मग ते विमानांकडे वळले आणि १९१३ मध्ये चार इंजिनांचे विमान उडवून दाखवले.

अमेरिकेत काय घडले?

रशियन क्रांतीनंतर देश सुटला. १९१९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले, पण हाताला काम नव्हते. रशियन स्थलांतरितांना गणित शिकवून त्यांनी दिवस काढले. १९२३ मध्ये कोंबड्यांच्या फार्मवर कंपनी सुरू झाली. संगीतकार राखमानिनॉव्ह यांनी ५ हजार डॉलरची मदत केली.

कोडे कसे सुटले?

वरचे पंखे एका दिशेने फिरले की हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने फिरू लागते. सिकोर्स्की यांनी शेपटीवर छोटा उभा पंखा बसवून ते रोखले. १४ सप्टेंबर १९३९ रोजी दोराने बांधलेले ‘व्हीएस-३००’ काही क्षण जमिनीवरून उचलले गेले. चालक होते स्वतः पन्नाशीतले सिकोर्स्की.

पहिले हेलिकॉप्टर त्यांचेच का?

नाही. फ्रान्सचे पॉल कॉर्नू १९०७ मध्ये, तर जर्मनीचे हाइनरिश फोके यांचे हेलिकॉप्टर १९३६ मध्ये उडाले होते. सिकोर्स्की यांनी सुटसुटीत रचना दिली आणि ‘आर-४’च्या रूपाने मोठ्या संख्येने उत्पादन शक्य केले.

भारताशी नाते काय?

एप्रिल १९४४ मध्ये आसाममधील लालाघाटहून निघालेल्या ‘आर-४’ने ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या पिछाडीला अडकलेल्या चौघांना बाहेर काढले. यंत्राची ताकद बेताची, म्हणून एका वेळी एकालाच. १९५४ मध्ये भारतीय हवाई दलात आलेले पहिले हेलिकॉप्टर ‘एस-५५’ही सिकोर्स्की यांच्याच कंपनीचे.

२६ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. आजही बहुतेक हेलिकॉप्टरांच्या शेपटीवर तो छोटा पंखा फिरताना दिसतो.