मातोश्री अहिल्यादेवींची दोन लेकरं




सत्संग संपला की एखादी आई मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, एवढं नामस्मरण करते मी, तरी मुलगा असा का निघाला? माझं काय चुकलं? अशा वेळी अहिल्यादेवी होळकर आठवतात. इंदूर-महेश्वरकडच्या मंडळींना त्यांची ओळख आम्ही काय करून देणार! काशी विश्वनाथाचं मंदिर, घाट, विहिरी, धर्मशाळा, सगळं आपल्याला पाठ आहे. पण घरातली आई म्हणून त्यांनी काय सोसलं, ते फारसं कुणी सांगत नाही.

१७२५ साली चौंडीला जन्म, लहानपणीच लग्न. १७४५ ला मालेराव झाला, तीन वर्षांनी मुक्ताबाई. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेचा गोळा लागून गेले. अहिल्यादेवी सती जायला निघाल्या. एकुलता एक मुलगा गमावलेल्या मल्हाररावांनी सुनेची विनवणी केली, आता तूच माझा मुलगा म्हणून. त्या थांबल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१७६६ ला मल्हारराव गेले आणि गादीवर मालेराव आला. हे पोर आईच्या वळणावर अजिबात गेलं नाही. आई ब्राह्मणांना दानधर्म करायची आणि हा त्यांच्या जोड्यांत विंचू सोडायचा, असं सांगतात. पुढे संशयावरून त्याने एका कशिदाकाराचा जीव घेतला. तो माणूस निर्दोष निघाला, आणि मालेरावाला वेडच लागलं. मेलेल्याचं भूत मुलाला धरून बसलंय, असं सगळे म्हणू लागले. आई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून राहिली. त्या भुताचीच ती समजूत घालायची. तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, पण माझ्या मुलाला सोड. जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात हे लिहून ठेवलंय. १७६७ मध्ये मालेराव गेला. राज्य जेमतेम आठ-नऊ महिन्यांचं, वय बाविशीच्या आसपास.

ग्रुपवर अधूनमधून एक गोष्ट येते, की अहिल्यादेवींनी न्यायासाठी पोटच्या मुलाला रथाखाली द्यायचं ठरवलं. ती पुढे पाठवू नका. खरी आई मुलाचा अपराध जाणून होती, तरी त्याच्या अंथरुणापाशीच बसली होती.

राहिली मुक्ताबाई. यशवंतराव फणशांशी तिचा संसार चांगला चालला होता. पण आधी तिचा तरुण मुलगा गेला, आणि साधारण वर्षभराने, १७९१ मध्ये, यशवंतरावही. मुक्ताबाईने सती जायचं ठरवलं. एकेकाळी सासऱ्यांनी जे केलं तेच आता अहिल्यादेवींनी लेकीपुढे केलं. हात जोडले, पाया पडल्या, मला एकटी टाकून जाऊ नकोस म्हणाल्या. पण लेकीचा हिशोब साधा होता. आई म्हातारी झाली, मुलगा नाही, नवरा नाही. आई गेल्यावर मी कुणासाठी जगू? सून थांबली होती, लेक थांबली नाही.

आई चितेपर्यंत गेली. दोन ब्राह्मणांनी दंड धरून तिला उभं केलं होतं. पहिली ज्वाळा उठेपर्यंत ती स्थिर होती. मग किंकाळ्या फुटल्या. हात सुटेनात, तशी स्वतःच्याच हातांचे चावे घेऊ लागली. नंतर नर्मदेत स्नान केलं आणि तीन दिवस अन्नाला शिवली नाही की कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवसानंतर हळूहळू सावरली, लेकीजावयाचं सुंदर स्मारक बांधून घेतलं.

पुढे आणखी चार वर्षं महेश्वरच्या वाड्यात रोजचा दरबार चालू राहिला. रयत दारात यायची आणि त्यांना मातोश्री म्हणायची. त्या नावाने हाक मारायला घरात मात्र कुणी उरलं नव्हतं. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तराव्या वर्षी, मातोश्री गेल्या.