चेहरे परत देणारा शस्त्रवैद्य

लढाईत हात किंवा पाय गमावलेल्या सैनिकाकडे लोक आदराने पाहतात; परंतु ज्याचे नाक वा ओठ गेला, त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढताच तोंडावर गोळी बसे. अशा हजारो अभागी सैनिकांना पुन्हा माणसांत आणण्याचे कार्य हॅरॉल्ड गिलीज यांनी केले.

त्यांचा जन्म १८८२ साली न्यूझीलंडमधील डनेडिन येथे झाला. इंग्लंडमध्ये शिकून ते कान, नाक व घसा यांचे वैद्य झाले. १९१५ साली ते सैन्याबरोबर फ्रान्समध्ये गेले. तेथे फुटलेले जबडे सांधण्याचे काम त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. १९१७ साली सिडकप येथे केवळ चेहऱ्याच्या जखमांसाठी मोठे रुग्णालय उघडले. तेथील खोल्यांत आरसा ठेवीत नसत, आणि बाहेर रस्त्यावरील काही बाके निळी रंगविली होती. त्यांवर असे रुग्ण बसतात, हे गावकऱ्यांना आधीच कळावे हा हेतू.

कपाळावरील कातडीचा पट्टा भुवईपाशी जोडलेला ठेवून खाली वळवावयाचा व त्याचे नाक घडवावयाचे, ही रीत मूळची भारतातली. पुण्यात झालेल्या अशा शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आला होता. गिलीज यांनी तिच्यात भर घातली. नाक खचू नये म्हणून ते आत कूर्चेचा आधार देत. वरचा ओठ करताना कधी डोक्यावरील केसाळ कातडी आणीत. मग त्या ओठावर मिशाही येत! कातडीच्या पट्ट्याच्या कडा शिवून त्याची नळी केली, तर आतील रक्तप्रवाह टिकतो व जंतूंचा शिरकाव होत नाही, हेही त्यांना एका भाजलेल्या खलाशावर उपचार करताना सुचले.

पण यशाबरोबर एक शल्यही होते. एका होरपळलेल्या तरुण वैमानिकाच्या साऱ्या चेहऱ्यावर त्यांनी एकदमच नवी कातडी बसविली. ती रुजली नाही, आणि १९१८ साली तो दगावला. ही हकीकत गिलीज यांनी १९२० सालच्या आपल्या ग्रंथात लपविली नाही. टप्प्याटप्प्याने काम करण्याकडे त्यांचा कटाक्ष असे. एकेका नाकासाठी महिने लागत. सिडकपला सर्व मिळून ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

१९३० साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९६० साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, एका मुलीच्या पायावर शस्त्रक्रिया करीत असतानाच त्यांना आजाराने गाठले. पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले.