लेओ दलीब

क्लेमाँ फिलिबेर लेओ दलीब (जन्म: २१ फेब्रुवारी १८३६, मृत्यू: १६ जानेवारी १८९१, पॅरिस) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच संगीतकार होते. कोपेलिया आणि सिल्व्हिया ही नृत्यनाट्ये व लाक्मे ही संगीतिका या त्यांच्या प्रमुख रचना होत. लाक्मेमधील दोन स्त्रियांचे पुष्पगीत ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या दूरचित्रवाणी जाहिरातींमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघरी पोहोचले. ही धून ओळखणाऱ्यांपैकी अनेकांना मात्र तिच्या रचनाकाराचे नाव ठाऊक नसते.

बालपण आणि शिक्षण

दलीब यांचा जन्म फ्रान्समधील साँ-जेर्माँ-द्यू-व्हाल या गावी झाला. हे गाव आता ला फ्लेश या नगराचा भाग आहे. वडील टपाल खात्यात नोकरीस होते. संगीताचा वारसा आईकडून आला. आईचे वडील संगीतिकांतील गायक होते, तर मामा एदुआर बातिस्त हे नामवंत ऑर्गनवादक होते. १८४७ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर आई मुलाला घेऊन पॅरिसला आली. तेथील संगीत विद्यालयात दलीब यांना प्रवेश मिळाला. जिझेल या नृत्यनाट्याचे संगीतकार आदोल्फ आदां हे त्यांचे रचनाशास्त्राचे गुरू होते. विद्यार्थिदशेत ते मादलेन चर्चच्या गायकवृंदात गात असत. १८४९ मध्ये मायरबेअर यांच्या ल प्रोफेत या संगीतिकेच्या पहिल्या प्रयोगातही बालगायकांमध्ये त्यांचा समावेश होता.

रंगभूमीवरील उमेदवारी

१८५३ मध्ये दलीब चर्चमध्ये ऑर्गनवादक झाले. त्याच सुमारास तेआत्र-लिरिक या नाट्यगृहात गायकांच्या तालमींना साथ करण्याचे कामही त्यांना मिळाले. चर्चच्या नोकरीने चरितार्थ चालत असला तरी त्यांचा ओढा रंगभूमीकडे होता. १८५६ पासून त्यांनी हलक्याफुलक्या, विनोदी संगीतिका लिहिण्यास प्रारंभ केला. पुढे पॅरिस ऑपेरात समूहगानाचे मार्गदर्शक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे १८६६ मध्ये ला सूर्स या नृत्यनाट्याचे संगीत त्यांनी लुडविग मिंकुस यांच्यासह रचले. त्यात दलीब यांचा भाग विशेष गाजला आणि मोठ्या कामाची संधी चालून आली.

नृत्यनाट्ये

जर्मन लेखक होफमान यांच्या कथेवर आधारलेले कोपेलिया २५ मे १८७० रोजी रंगमंचावर आले. सजीव वाटणाऱ्या बाहुलीवर भाळलेला तरुण आणि त्याला शुद्धीवर आणणारी त्याची प्रेयसी, असे त्याचे कथानक आहे. प्रयोग यशस्वी झाला. परंतु जुलैमध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि नाट्यगृह बंद पडले. नृत्यदिग्दर्शक आर्तुर साँ-लेओं यांचे सप्टेंबरमध्ये निधन झाले. नायिकेची भूमिका करणारी जुझेप्पिना बोझाक्की ही वेढा पडलेल्या पॅरिसमध्ये आपल्या सतराव्या वाढदिवशी मरण पावली. कोपेलिया मात्र टिकून राहिले आणि आजही त्याचे प्रयोग होतात.

१८७१ मध्ये दलीब यांनी ऑपेरातील नोकरी सोडली, त्याच वर्षी विवाह केला आणि पुढे आपली शक्ती संगीतरचनेला वाहिली. १८७६ मध्ये सिल्व्हिया हे नृत्यनाट्य आले. रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांनी सिल्व्हियाचे संगीत स्वतःच्या स्वान लेकपेक्षा सरस मानले होते. नृत्याला केवळ ताल पुरवणारे संगीत न लिहिता पात्रे व प्रसंग उभे करणारे संगीत लिहावे, ही दिशा रूढ करण्यात दलीब यांचा मोठा वाटा आहे.

लाक्मे

१८८१ मध्ये दलीब पॅरिसच्या संगीत विद्यालयात रचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १४ एप्रिल १८८३ रोजी ऑपेरा-कोमिक या नाट्यगृहात लाक्मेचा पहिला प्रयोग झाला. संहिता एदमों गोंदिने व फिलिप जिल यांची होती. नायिकेची भूमिका मारी व्हान झांट या अमेरिकन गायिकेने केली.

लाक्मे हे लक्ष्मी या नावाचे फ्रेंच रूप आहे. कथा ब्रिटिश अमलाखालील भारतात घडते. नीलकंठ हा पुरोहित परकीय सत्तेचा द्वेष करतो. त्याची कन्या लाक्मे आणि जेराल्ड हा इंग्रज अधिकारी यांचे परस्परांवर प्रेम जडते. मंदिराच्या आवारात शिरलेल्या परक्याला हुडकण्यासाठी नीलकंठ मुलीला भर बाजारात गायला लावतो. हेच घंटागीत म्हणून प्रसिद्ध असलेले अतिशय अवघड गायन होय. जेराल्ड जखमी होतो. लाक्मे अरण्यात त्याची शुश्रूषा करते. परंतु कर्तव्याची हाक आल्यावर त्याचे मन पालटल्याचे तिच्या लक्षात येते आणि ती धोत्र्याचे पान खाऊन प्राणत्याग करते.

पुष्पगीत पहिल्या अंकात येते. लाक्मे व तिची दासी मल्लिका फुले वेचण्यासाठी नदीकडे निघाल्या आहेत. लय नावेसारखी झुलती आहे. दोन्ही आवाज बहुतांशी सा आणि ग यांच्यातील अंतराइतके अंतर राखून एकत्र चालतात. गीतातील गोडव्याचे हेच रहस्य आहे. मधल्या भागात मात्र सूर बदलतो. वडील इंग्रजांच्या शहरात एकटे जातात तेव्हा आपल्याला भीती वाटते, असे लाक्मे सांगते. पुढील शोकांतिकेची चाहूल येथेच लागते. या संगीताला भारतीय रागसंगीताचा आधार नाही. पूर्वेकडील देशांविषयी तत्कालीन फ्रेंच रंगभूमीवर जे स्वप्नरम्य चित्र रूढ होते, त्याचाच हा आविष्कार आहे.

अखेरची वर्षे

१८८४ मध्ये दलीब यांची फ्रान्सच्या ललित कला अकादमीवर निवड झाली. कास्या या संगीतिकेचे काम चालू असतानाच १६ जानेवारी १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. मोंमार्त्र येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. अपुरी राहिलेली कास्या ज्यूल मास्ने यांनी पूर्ण केली आणि १८९३ मध्ये ती रंगमंचावर आली. लाक्मेची लोकप्रियता पुढेही टिकली. १९३१ मध्ये ऑपेरा-कोमिकमध्ये तिचा हजारावा प्रयोग झाला.

विमान कंपनीची धून

१९८० च्या दशकात ब्रिटिश एअरवेजने पुष्पगीत आपल्या जाहिरातींसाठी निवडले. यांपैकी १९८९ ची जाहिरात सर्वाधिक गाजली. चॅरियट्स ऑफ फायर या चित्रपटाचे दिग्दर्शक ह्यू हडसन यांनी ती केली. रंगीत पोशाखातील शेकडो माणसे एकत्र येऊन ओठ, कान, डोळे व अखेरीस एक प्रचंड चेहरा साकारतात, असे दृश्य तीत होते. तिच्यासाठी माल्कम मॅक्लॅरेन व यानी यांनी दलीब यांच्या धुनेचे नवे रूप सिद्ध केले. त्याच काळात युनायटेड एअरलाइन्स या अमेरिकन कंपनीच्या जाहिरातींत जॉर्ज गेर्शविन यांची ऱ्हॅप्सडी इन ब्लू ही रचना वाजू लागली. गेर्शविन यांची रचना स्वामित्वहक्काखाली असल्याने त्यासाठी परवानगी घ्यावी लागली. दलीब यांच्या मृत्यूला जवळजवळ शतक लोटलेले असल्याने त्यांची धून कोणालाही मुक्तपणे वापरता येत होती.

जाहिरातीत गीताचा केवळ तरल, आश्वासक भाग उरला. इंग्रजांच्या राज्यात वडिलांसाठी घाबरणाऱ्या भारतीय मुलीचे गाणे एका ब्रिटिश कंपनीची ओळख बनले, ही गोष्ट मूळ संगीतिका पाहिल्यावरच ध्यानात येते.

भारताशी संबंध

भारतात या संगीतिकेचे नाव त्याआधीच परिचित झाले होते, तेही व्यापारामुळेच. १९५२ मध्ये टाटा उद्योगसमूहाने फ्रेंच कंपन्यांच्या सहकार्याने सुरू केलेल्या सौंदर्यप्रसाधनांना लॅक्मे हे नाव संगीतिकेवरून देण्यात आले. त्या वेळी समूहाचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा होते. १९३२ मध्ये भारतातील विमानसेवेचा पाया घालणारेही तेच. अशा रीतीने लक्ष्मी हे नाव पॅरिसला जाऊन फ्रेंच रूपात परतले, तर पुष्पगीत विमानाच्या प्रवाशांबरोबर जगभर फिरले. दलीब यांचे नाव मात्र दोन्ही ठिकाणी पडद्याआडच राहिले.