एकाकी तारा : गॅरिंचा

फुटबॉल म्हटले की आपल्यापुढे पेलेचेच नाव उभे राहते. १९७७ साली तो कलकत्त्याला मोहन बागानविरुद्ध खेळून गेला, त्या दिवशीच्या गर्दीच्या हकिकती आजही सांगितल्या जातात. पण खुद्द ब्राझीलमध्ये पेलेला आदर मिळाला आणि माया मिळाली ती दुसऱ्याच एका खेळाडूला. लोकांनी त्याला ‘लोकांचा आनंद’ अशी पदवीच दिली होती. त्याचे नाव गॅरिंचा. ज्याने लाखोंना हसवले त्याच्या स्वतःच्या वाट्याला काय आले, हे समजून घेण्यासारखे आहे.

मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस हे त्याचे पाळण्यातले नाव. रिओ दि जानेरोपासून काही अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी पाउ ग्रांदे नावाचे गिरणीचे गाव आहे. तेथे १९३३ साली त्याचा जन्म झाला. वडील गिरणीत पहारेकरी होते आणि त्यांना दारूचे व्यसन होते. मुलगा जन्मतःच अधू. एक पाय आत वळलेला, दुसरा बाहेर आणि त्यात एक सुमारे सहा सेंटिमीटरने आखूड. अंगानेही तो लहानखुरा. म्हणून बहिणीने त्याला एका चिमुकल्या तपकिरी पक्ष्याचे नाव दिले. तेच गॅरिंचा. चौदाव्या वर्षी पोर गिरणीत कामाला लागले, पण लक्ष सारे पाखरांत, नदीत आणि चेंडूत. कामगार म्हणून तो अगदी सामान्य होता. गिरणीच्या संघात मात्र त्याच्यावाचून चालत नसे.

१९५३ साली तो रिओमधील बोटाफोगो क्लबात चाचणीसाठी गेला. या क्लबाची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. बोटाफोगो हे रिओच्या खाडीकाठचे एक उपनगर. तेथे १८९४ साली नौकानयनाचा एक क्लब निघाला आणि १९०४ साली शाळकरी मुलांनी फुटबॉलचा दुसरा क्लब काढला. १९४२ साली या दोन क्लबांचा बास्केटबॉलचा सामना चालू असताना आर्मांदो आल्बानो हा खेळाडू कोसळून मरण पावला. त्या दुःखात दोन्ही क्लब जवळ आले आणि त्याच वर्षी एक झाले. फुटबॉल क्लबाच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यावर नौकानयन क्लबाचा पहाटेचा शुक्रतारा आला. तेव्हापासून ‘एकाकी तारा’ ही बोटाफोगोची खूण झाली. क्लबाचे पाठीराखे मोठे शकुन-अपशकुन मानणारे. १९४८ च्या अजिंक्यपदाच्या वेळी बिरिबा नावाचे काळेपांढरे कुत्रे शुभशकुनाचे म्हणून सामन्यांना नेत असत!

चाचणीच्या दिवशी गॅरिंचाला अडवायला निल्टन सांतोस उभा होता. त्या काळचा तो नामांकित बचावपटू. या वाकड्या पायांच्या पोराने चेंडू सरळ त्याच्या दोन पायांमधून काढून नेला. निल्टन सांतोस रागावला नाही. याला ताबडतोब घ्या, असे त्याने क्लबाला सांगितले. पुढे आयुष्यभर तो गॅरिंचाचा थोरला भाऊ होऊन राहिला.

उजव्या बगलेला, सात नंबरचा सदरा घालून गॅरिंचा खेळे. त्याची युक्ती एकच होती. बचावपटूसमोर येऊन थांबायचे, खांदा डावीकडे झुकवायचा आणि उजवीकडून निसटायचे. तो उजवीकडूनच जाणार हे प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असे, प्रेक्षकांना ठाऊक असे, तरीही समोरचा फसायचाच. कधी कधी तो चेंडू जागेवर ठेवून नुसताच धावे आणि बचावपटू त्याच्यामागे धावत सुटे. १९५८ साली मेक्सिको सिटीत त्याने अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाच्या एका बचावपटूला इतके झुलवले की प्रेक्षक बैलांच्या झुंजीतल्याप्रमाणे ‘ओले’ म्हणून ओरडू लागले. फुटबॉलमध्ये ही आरोळी तेथूनच रूढ झाली असे मानतात. १९५७, १९६१ आणि १९६२ साली बोटाफोगोने रिओचे अजिंक्यपद मिळवले. क्लबासाठी तो सहाशेहून अधिक सामने खेळला.

१९५८ च्या विश्वचषकाआधी मानसशास्त्रज्ञाने घेतलेल्या चाचणीत त्याला फार कमी गुण मिळाले होते. पहिले दोन सामने तो बाहेरच होता. तिसऱ्या सामन्यात रशियाविरुद्ध तो आणि पेले बरोबरच उतरले आणि पहिल्याच मिनिटात त्याचा फटका खांबावर आदळला. अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध त्याने उजवीकडून दिलेल्या चेंडूंवर वावाने दोन गोल केले. १९६२ साली चिलीत पेले जखमी होऊन बसला, तेव्हा सारा भार गॅरिंचावर आला. इंग्लंडविरुद्ध दोन आणि चिलीविरुद्ध दोन गोल करून त्याने चषक घरी आणला. अंतिम सामना तर तो अंगात ताप असताना खेळला. पेले आणि गॅरिंचा दोघे मैदानात असताना ब्राझील एकदाही हरले नाही.

आणि येथूनच उतरण लागली. बोटाफोगोचे परदेश दौरे गॅरिंचाच्या नावावर चालत. तो संघात असला तर जास्त पैसे मिळत. म्हणून दुखऱ्या गुडघ्यात इंजेक्शने देऊन त्याला उतरवले जाई. तो बिचारा कोऱ्या करारावर सही करणारा माणूस. पैशाचा हिशेब त्याला कधी आलाच नाही. वडिलांचे व्यसन त्यालाही जडले होते. बायको नायर आणि मुली यांना सोडून तो गायिका एल्झा सोआरेसबरोबर राहू लागला, तेव्हा ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते त्यांनीच तिला शिव्याशाप दिले. १९६६ साली क्लबाने त्याला कोरिंथियन्सला विकले. त्याच वर्षी विश्वचषकात तो हंगेरीविरुद्ध हरला. राष्ट्रीय संघातून खेळताना त्याच्या वाट्याला आलेला तो एकच पराभव, आणि तोच त्याचा शेवटचा सामना! १९६९ साली तो चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात एल्झाची आई गेली आणि तो अधिकच खचला.

१९७३ च्या डिसेंबरात माराकाना मैदानावर त्याच्या निरोपाच्या सामन्याला सव्वा लाखाहून अधिक माणसे आली. त्यातून त्याला पैसे मिळाले, पण गेलेले गुडघे आणि गेलेले शरीर परत मिळाले नाही. १९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेरा या सांबा पथकाने त्याचा सन्मान म्हणून त्याला रथावर बसवले. लोक हात हलवीत होते आणि तो औषधांच्या गुंगीत शून्य नजरेने बसून होता. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी दारूने त्याचा बळी घेतला. माराकानातून पाउ ग्रांदेकडे अग्निशामक दलाच्या गाडीवरून त्याची शवपेटी निघाली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसांचा समुद्र उसळला होता. एवढ्या गर्दीने पोचवलेल्या माणसाच्या अस्थी नेमक्या कोठे आहेत, हे २०१७ साली त्या स्मशानभूमीच्या व्यवस्थापनालाही खात्रीने सांगता आले नाही. एल्झा सोआरेस २०२२ साली वारली. तारीख तीच, २० जानेवारी.

बोटाफोगोचेही दिवस फिरले होते. १९६८ नंतर रिओचे अजिंक्यपद या क्लबाला एकवीस वर्षे मिळाले नाही. कर्जापायी जुने मैदानही विकावे लागले. पाठीराख्यांच्या दोन पिढ्या हरण्यातच वाढल्या, पण काळेपांढरे पट्टे त्यांनी सोडले नाहीत. अखेर १९८९ साली फ्लामेंगोविरुद्ध मॉरिसिओने एकमेव गोल केला. त्याच्या पाठीवर सात नंबर होता. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी बोटाफोगोने दक्षिण अमेरिकेचा लिबर्तादोरेस चषक प्रथमच जिंकला. पहिल्याच मिनिटात एक खेळाडू बाहेर काढला गेला होता, तरीही उरलेल्या दहा जणांनी अॅटलेटिको मिनेरोला ३–१ असे हरवले. पहिला गोल केला लुइझ हेन्रिकेने, आणि त्याचाही नंबर सातच! शकुन मानणाऱ्या पाठीराख्यांना त्या वेळी कोणाची आठवण झाली असेल हे सांगायला नको.

गॅरिंचाला त्याच्या व्यसनाने मारले, असे म्हणून आपल्याला हात झटकता येतील. व्यसन त्याचे होते हे खरेच. पण त्याचे गुडघे दुखत आहेत हे क्लबाला माहीत होते, आणि तो खेळावा म्हणून गर्दी ओरडत होती. आपणही कोणा ना कोणा गर्दीत बसलेलो असतो. ज्याच्या खेळाने, गाण्याने वा अभिनयाने आपली एक संध्याकाळ सुखाची झाली, तो दुसऱ्या दिवशी कसा जगतो याची चौकशी आपण करतो का? त्या वाकड्या पायांनी लोकांना भरभरून दिले. लोकांनी त्याला टाळ्या दिल्या, मोठी अंत्ययात्रा दिली. मधल्या वर्षांत मात्र तो एकाकीच राहिला, सदऱ्यावरच्या त्या ताऱ्यासारखा.