जोडे शिवणाऱ्याचा पोरगा, ज्याने कधीच न वितळणारं प्लास्टिक बनवलं

गोवंडीत देवनार डम्पिंगच्या आसपास भंगार वेगळं करणाऱ्यांकडे प्लास्टिकचे ढीग लागलेले असतात. त्यातलं बरंचसं वितळवून दाणा बनतो आणि पुन्हा वापरात येतो. पण जुन्या काळ्या टेलिफोनचा रिसिव्हर किंवा व्हॉल्व्ह रेडिओचं चॉकलेटी कॅबिनेट काही केल्या वितळत नाही. ते बेकलाइट असतं.

हे बनवणारा माणूस म्हणजे लिओ बेकलँड.

जन्म १८६३, बेल्जियममधलं गेंट. वडील जोडे शिवायचे, आई घरकाम करायची. पोरगं मात्र हुशार. एकविसाव्या वर्षी रसायनशास्त्रात डॉक्टरेट. १८८९ मध्ये प्राध्यापकाच्याच मुलीशी लग्न केलं आणि अमेरिका गाठली. तिथे त्याने वेलॉक्स नावाचा फोटो पेपर बनवला. १८९९ मध्ये तो कोडॅकच्या ईस्टमनने लाखो डॉलर मोजून विकत घेतला.

आता आयुष्यभर बसून खाता आलं असतं. पण गडी घरच्याच प्रयोगशाळेत शिरला.

तेव्हा विजेच्या तारांवर लाखेचं आवरण द्यायचे. ही लाख किड्यांपासून मिळायची आणि मुख्यतः भारतातून जायची. विजेचा वापर वाढला, तशी लाख कमी पडू लागली. बेकलँडने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड घेऊन उष्णता आणि दाब दिला. १९०७ मध्ये बेकलाइट तयार झालं. वीज अडवणारं, उष्णता सोसणारं, एकदा घट्ट झालं की न वितळणारं.

रेडिओ, फोन, स्विच, सगळीकडे तेच. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकली. पुढे एकटा एकटा राहू लागलेला बेकलँड १९४४ मध्ये गेला.

आता घरात आजोबांचा रेडिओ असेल, तर हे करून बघा. प्लग काढा. कॅबिनेटवर अंगठा गरम होईपर्यंत घासा आणि वास घ्या. फिनाइलसारखा उग्र वास आला, तर बहुतेक बेकलाइटच. तापलेली सुई टोचू नका, कायमचा डाग पडतो.

धूळ मऊ ब्रशने झटका. सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा, पुसा, लगेच कोरडं करा. पाण्यात भिजवू नका, कारण आत बऱ्याचदा लाकडाचा भुसा असतो, तो पाणी पितो. पिवळ्या पडलेल्या कॉम्प्युटरवर लोक पेरॉक्साइड लावतात, ते इथे नको. पॉलिश पेपरही नको, काही जुन्या भागांत ॲस्बेस्टॉस असतं.

भंगारात दिलंत तर त्याचा दाणा होणार नाही, ते कचऱ्यातच जाईल. पुसून ठेवलंत तर आणखी एक पिढी पाहील.