गेरिके आणि गळके पिंप

मासळीची पाकिटे निर्वात करायला रत्नागिरीत पंप घ्यायचा, तर घनफळ, वेळ आणि गळती यांचा हिशेब आधी करावा लागतो. यातल्या गळतीने ओटो फॉन गेरिके (१६०२-१६८६) यांना पुरते छळले. जर्मनीतल्या माग्देबुर्गचे हे महापौर. पाण्याने भरलेल्या लाकडी पिंपातून त्यांनी पंपाने पाणी उपसले, तर फटींतून हवा आत शिरली. पुढे घेतलेला तांब्याचा गोळा बाहेरच्या हवेच्या दाबाने धाडकन चेपला. मग जाड, नीट गोल गोळा केला, तो टिकला. पण दट्ट्याची प्रत्येक ओढ सारखेच घनफळ उपसते आणि हवा विरळ होत जाते, त्यामुळे उरलेली थोडी हवा काढायलाच फार वेळ लागतो. १६५७ मध्ये त्यांच्या अर्धगोलांना सोळा घोडे जुंपले गेले. लोकांना घोडेच आठवतात. पंप निवडणाऱ्याने पिंप आठवावे.