७५ व्या वर्षी पुन्हा बैलगाडी जुंपली, विसरलेल्या वाटेसाठी ३,२०० किमीचा प्रवास. कोण होते एझ्रा मीकर?

१९२४ मध्ये ९३ वर्षांचे एझ्रा मीकर अमेरिकी लष्कराच्या विमानात बसले. खाली तीच वाट होती, जी त्यांनी ७२ वर्षांपूर्वी बैलगाडीने पार केली होती. ती ‘ओरेगॉन ट्रेल’ आज अमेरिकेला आठवते, त्याचं मोठं श्रेय मीकर यांना जातं.

ओरेगॉन ट्रेल म्हणजे काय?

मिसुरी नदीपासून पश्चिमेकडच्या ओरेगॉनपर्यंत जाणारी सुमारे ३,२०० किमीची ही वाट. एकोणिसाव्या शतकात जमिनीच्या शोधात लाखो लोक तिच्यावरून आणि तिच्या फाट्यांवरून पश्चिमेला गेले. १८५२ मध्ये २१ वर्षांचे मीकर पत्नी एलायझा जेन आणि तान्ह्या मुलासह निघाले. त्या वर्षी वाटेवर कॉलऱ्याची साथ होती. पाच महिन्यांहून अधिक काळानंतर ते पोर्टलंडला पोहोचले. दोन वर्षांनी त्यांचे आई-वडीलही याच वाटेने निघाले. आई मात्र पोहोचली नाही. तिला वाटेतच पुरावं लागलं.

जमीन कोणाची होती?

ही जमीन रिकामी नव्हती. तिथल्या मूळ जमातींना करार करून राखीव भागात ढकललं जात होतं. त्यातून संघर्ष पेटला आणि निस्क्वाली जमातीचे प्रमुख लेशाय यांच्यावर १८५६ मध्ये खुनाचा खटला चालला. मीकर ज्युरीत होते. दहा जण दोषी ठरवायला तयार असताना मीकर आणि आणखी एकाने नकार दिला. दुसऱ्या खटल्यात लेशाय दोषी ठरले आणि १८५८ मध्ये त्यांना फाशी झाली. २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका विशेष न्यायपीठाने त्यांना निर्दोष ठरवलं.

‘हॉप्स’चा राजा कंगाल कसा झाला?

मीकर यांनी प्युअ‍ॅलप खोऱ्यात हॉप्सची शेती केली. बिअरला कडवट चव देणारं हे पीक. त्यातून ते श्रीमंत झाले, गावाचे पहिले महापौरही झाले. पण १८९० च्या दशकात पिकावर मावा पडला आणि संपत्ती गेली.

पुन्हा तीच वाट का?

लोक ती वाट विसरत चालले होते. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि थडगी नांगराखाली जात होती. १९०६ मध्ये, ७५ व्या वर्षी मीकर बैलगाडी घेऊन उलट दिशेने निघाले. गावोगावी थांबून त्यांनी लोकांना स्मारकशिळा उभारायला लावल्या. वाटेत एक बैल दगावला, दुसरा आणला. १९०७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी वॉशिंग्टन डीसीत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची भेट घेतली.

शेवट कसा झाला?

१९१० मध्ये पुन्हा बैलगाडीने, १९१६ मध्ये मोटारीने ते या वाटेवर गेले. ३ डिसेंबर १९२८ रोजी सिएटलमध्ये त्यांचं निधन झालं. ९८ वा वाढदिवस महिन्याभरावर होता. त्यानंतर ५० वर्षांनी, १९७८ मध्ये ओरेगॉन ट्रेलला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला.